तारीख घातलेली चूक : मानवाकृती आणि यथार्थदर्शन शिकताना प्रगतीची नोंद

मानवाकृती आणि यथार्थदर्शन हे रेखाटनाचे दोन विभाग असे आहेत, की त्यांतली चूक बोट ठेवून दाखवता येते. रंगसंगती एकाला भडक वाटते, दुसऱ्याला उत्सवी. रेषेत जोर आहे की नाही यावर दोन चित्रकारांचे एकमत होईलच असे नाही. पण वाड्याच्या खिडक्यांच्या वरच्या कडा आणि जोत्याची कड एकाच बिंदूकडे धावत नसतील, तर लांब पट्टी लावली की ते कोणालाही दिसते. उभ्या माणसाचा भार ज्या पायावर आहे, तो पाय गळ्याच्या खळगीतून खाली येणाऱ्या उभ्या रेषेपासून भलताच दूर पडला असेल, तर चित्रातला माणूस कलंडतो आहे हे शेजारचे पोरही सांगते. चूक दाखवता येते म्हणून मोजता येते आणि मोजता येते म्हणून सहा महिन्यांपूर्वीच्या चुकीशी ताडून पाहता येते. स्वतःच्या प्रगतीची नोंद ठेवण्याचा सगळा व्यवहार या एका सोयीवर उभा आहे.

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी या अभ्यासासाठी वेगळी सामग्री जमवावी लागत नाही. शिंद्यांच्या वाड्याच्या भिंती आहेत, जुन्या देवळांचे खांब आहेत, सरस्वती नदीचा काठ आहे. भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड हा भुईकोट आणि त्यातले यादवकालीन लक्ष्मीनारायण मंदिर आहे. दौंड–मनमाड मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे, उसाच्या सऱ्या आहेत, लिंबांच्या बाजाराला जमलेली माणसे आहेत. यांतल्या दगडी गोष्टींचा मोठा गुण असा, की त्या जागच्या हलत नाहीत. देवळाचा तोच खांब, त्याच पायरीवर बसून, तीन महिन्यांनी आणि तीन वर्षांनी काढला, तर कागदावर जो फरक पडतो तो खांबाचा नसतो. शिकणाऱ्याच्या नजरेचा आणि हाताचा असतो.

महाराष्ट्रात रेखाटनातल्या प्रगतीचे सर्वांना ठाऊक असलेले माप म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. राज्याचे कला संचालनालय घेत असलेल्या या शासकीय रेखाकला परीक्षांना शाळाशाळांतून मुले बसतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमीजिएटला स्थिरचित्र. दोन्हींना स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. निकाल अ, ब, क अशा श्रेणीत लागतो, आणि इंटरमीजिएटच्या श्रेणीला दहावीच्या निकालात अनुक्रमे ७, ५ आणि ३ वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचेही या विषयाकडे लक्ष गेले आहे. या परीक्षांचे उपकार मोठे आहेत. खेड्यातल्या मुलाने पहिल्यांदा घागरीचे तोंड नीट पाहिले ते बहुधा वस्तुचित्राच्या तयारीत. पण श्रेणी हे एका दिवसाचे माप आहे. तपासलेला कागद सहसा विद्यार्थ्याच्या हाती परत येत नाही, त्यामुळे ‘ब’ मिळाली ती घागरीमुळे की छायाप्रकाशामुळे, हे त्याला कळतच नाही. श्रेणी कुठवर पोचलो ते सांगते. कुठून निघालो आणि वाटेत कुठे अडलो, ते सांगणे तिचे कामच नव्हे.

दुसरे जुने माप पायऱ्यांचे. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये युरोपीय पद्धतीचा क्रम आला : आधी छापील नमुन्यांवरून रेघा, मग प्लास्टरचे पुतळे, आणि मग समोर बसलेले जिवंत मॉडेल. १९१९ नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे प्रमुख असताना, जिवंत मॉडेलवरच्या अभ्यासाला विशेष जोर मिळाला. अशा व्यवस्थेत विद्यार्थी कोणत्या वर्गात बसतो, हीच त्याची प्रगती. पुतळा हलत नाही, थकत नाही, प्रकाश ठरावीक ठेवता येतो. त्यामुळे चूक पकडायला तो फार सोयीचा. मात्र पुतळ्यावर वर्षभर घासलेला हात जिवंत माणसासमोर पुन्हा अडखळतो, हा अनुभव त्या काळापासून आजच्या कलामहाविद्यालयापर्यंत सारखाच आहे. म्हणजे पायरी चढल्यावर प्रगती काही काळ मागे गेल्यासारखी दिसते. नोंद ठेवणाऱ्याने हे आधीच गृहीत धरलेले बरे.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) कोल्हापुराहून १८९० मध्ये या शाळेत शिकायला आले आणि तिथेच शिक्षक होऊन १९३१ मध्ये बाहेर पडले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नाव त्या काळाचाच हिशेब सांगते. मुंबईच्या रस्त्यांवरची, देवळांतली, बाजारांतली हजारो माणसे त्यांनी काढली. एस. एम. एडवर्ड्सच्या १९१२ मधल्या मुंबईवरच्या पुस्तकाला आणि ओटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकाला त्यांची चित्रे आहेत. इथे महत्त्वाची आहे ती त्यांची एक साधी सवय : त्यांच्या कितीतरी रेखाटनांच्या कोपऱ्यात सही आणि तारीख सापडते. त्या तारखेमुळे आज अभ्यासकाला त्यांच्या आकृत्या काळाच्या क्रमाने लावता येतात. नवशिक्याला या सवयीचा उपयोग त्याहून जास्त आहे, कारण त्याच्या कागदावर तारखेखेरीज जपण्यासारखे बहुधा दुसरे काहीच नसते.

नोंदीची सुरुवात पहिल्या कागदापासून, म्हणजे शिकवणी सुरू होण्याच्याही आधी काढलेल्या चित्रापासून व्हायला हवी. अमेरिकन चित्रशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात हाच नेम घातला आहे. शिकायला आलेल्याने पहिल्याच दिवशी, काहीही न शिकवता, आरशात पाहून स्वतःचा चेहरा, आठवणीतून दुसऱ्या कोणाचा चेहरा आणि स्वतःचा हात काढायचा, कागद बाजूला ठेवायचा, आणि शिकवणी संपल्यावर नव्या चित्राशेजारी मांडायचा. श्रीगोंद्याच्या मुलाने हीच यादी जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. त्याला चार विषय पुरतात : घरातला एक माणूस बसलेला, स्वतःचा डावा हात, एक घागर आणि घराबाहेरची एक इमारत तिरकस कोनातून. हे चार कागद म्हणजे शेताच्या बांधावर ठोकलेली खुंटी. पुढचे सगळे अंतर तिच्यापासून मोजायचे. पहिले चित्र लाजिरवाणे वाटते म्हणून फाडून टाकणारे पुष्कळ असतात. त्यांना दोन वर्षांनी आपण किती पुढे आलो, हे सांगायला काहीच उरत नाही.

प्रत्येक कागदाच्या मागे थोडी माहिती लिहायची असते : तारीख, जागा, किती मिनिटे लागली, बसून काढले की उभ्याने, आणि समोरची वस्तू किती पावलांवर होती. बसून की उभ्याने ही बाब क्षुल्लक वाटते, पण यथार्थदर्शनाचा पायाच तिच्यावर आहे. साधन कोणते यावर फार शब्द खर्च करू नयेत. २बी पेन्सिल आणि कार्ट्रिजचा कागद वर्षानुवर्षे पुरतो. खोडरबराबद्दल मात्र एक सांगणे आहे. नोंदीसाठीच्या चित्रात तो वापरू नये, कारण पहिली चुकलेली रेषा आणि शेजारी काढलेली दुरुस्त रेषा या दोन्ही मिळून पुरावा होतात. खोडलेल्या कागदावर नुसता निकाल राहतो.

यथार्थदर्शनाचे तपासणे सर्वांत सोपे, म्हणून आधी ते. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवरून जाणारी आडवी पातळी म्हणजे क्षितिजरेषा, आणि एकमेकींना समांतर असलेल्या आडव्या कडा दूर जाताना तिच्यावरच्या ज्या बिंदूत मिळतात तो लोपबिंदू. वर्गात याला सरसकट व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. फ्लॉरेन्समध्ये वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या आरंभी आरसा आणि चित्रफळी घेऊन हे दाखवून दिले, आणि १४३५ मध्ये आल्बेर्टीने त्याचे नियम लिहून काढले. तपासणी अशी : चित्रावर ट्रेसिंग कागद ठेवायचा, वाड्याच्या एका भिंतीवरच्या जोत्याची, खिडक्यांची, छपराची अशा सगळ्या आडव्या कडा पट्टीने लांबवायच्या आणि त्या कुठे मिळतात ते पाहायचे. नवशिक्याच्या चित्रात त्या एका बिंदूत मिळत नाहीत. दोनचार ठिकाणी एकमेकींना कापतात आणि मधे एक विस्कटलेला पट्टा तयार होतो. तो पट्टा किती उंच आहे हे पट्टीने मोजून कागदामागे लिहिले, की एक आकडा मिळाला. समजा, जूनमध्ये तो पट्टा सहा सेंटीमीटरचा होता आणि डिसेंबरमध्ये, त्याच आकाराच्या कागदावर, त्याच भिंतीच्या चित्रात तो दीडवर आला. ही प्रगती कोणाच्या शाबासकीवर अवलंबून नाही.

पेडगावच्या मंदिराच्या खांबांनी दुसरी कसोटी घेता येते. समान अंतरावर उभे असलेले खांब चित्रात दूर जाताना जवळ जवळ येतात. पण किती जवळ, हे नजरेने ठरवायला गेले की हात चुकतो. पहिला आणि दुसरा खांब काढून झाला की पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून एक तिरपी रेघ खाली न्यायची. खांबांच्या पायांची रेषा तिला जिथे भेटते तिथे तिसऱ्या खांबाचा पाय. शिकणाऱ्याने आधी अंदाजाने चित्र काढावे आणि मगच ही रेघ मारावी. आधी रेघ मारून खांब बसवले तर चित्र बरोबर येते, पण नजरेची परीक्षा होत नाही. भूमितीच्या तासाला मिळालेले पैकीच्या पैकी गुण आणि रस्त्यावरच्या रेखाटनातले वाकडे छप्पर एकाच वहीत सुखाने नांदतात, त्याचे कारण हेच.

रेल्वेच्या रुळांनी तर फुटपट्टीच हाती दिली आहे. ब्रॉडगेज रुळांतले अंतर १.६७६ मीटर हे पक्के ठरलेले. सपाट जमिनीवरच्या सरळ मार्गाकडे समोर पाहताना, चित्रातल्या कोणत्याही ठिकाणी रुळांतली रुंदी आणि त्या ठिकाणापासून वर क्षितिजरेषेपर्यंतची उंची यांचे गुणोत्तर सगळीकडे सारखेच राहते. ते रुळांतले अंतर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची रुळांपासूनची उंची यांच्या गुणोत्तराइतके असते. फलाट रुळांच्या माथ्यापासून सुमारे ८० सेंटीमीटर वर असेल आणि उभ्या माणसाचे डोळे फलाटापासून दीड मीटरवर असतील, तर डोळ्याची उंची २.३ मीटर होते, म्हणजे गुणोत्तर साधारण ०.७३. चित्रात रूळ जिथे क्षितिजरेषेच्या चार सेंटीमीटर खाली आहेत तिथे त्यांच्यातली रुंदी तीन सेंटीमीटरच्या जराशी आत यायला हवी. बहुतेक पहिल्या चित्रांत जवळचे रूळ अरुंद आणि दूरचे फार रुंद येतात. हे मोजमाप फलाटावर उभे राहूनच करायचे. रुळांत उतरण्याइतके कोणतेही यथार्थदर्शन महत्त्वाचे नाही.

क्षितिजरेषेची आणखी एक कसोटी माणसांना लागू पडते आणि दोन्ही विषयांना जोडते. सपाट मैदानात उभ्याने चित्र काढणाऱ्याच्या उंचीची सगळी माणसे, जवळची असोत की लांबची, डोळ्यांपाशी क्षितिजरेषेवर येतात. पाय तेवढे वरखाली होतात. चित्रकार जमिनीवर मांडी घालून बसला तर त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर येतात, आणि तीच रेषा उभ्या माणसांच्या मांडीच्या वरच्या भागाशी जाते. आठवडे बाजाराच्या स्मरणचित्रात लांबची माणसे हवेत तरंगताना दिसतात किंवा जवळच्याच्या गुडघ्याएवढी होतात, त्याचे निदान या एका रेषेने होते. परीक्षेच्या जुन्या सरावाच्या कागदांवर ही रेषा मारून पाहावी. किती माणसे नेमाने उभी आहेत आणि किती उडत आहेत, हे मोजायला पाच मिनिटे पुरतात.

गोल वस्तूंची गोष्ट जरा वेगळी आहे. घागरीचे तोंड, बैलगाडीचे चाक, विहिरीचा काठ हे सगळे तिरके पाहिले की लंबवर्तुळ होतात, आणि शिकणारा ते जवळजवळ नेहमी असायला हवे त्याहून गोल काढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला. तिरकी ठेवलेली तबकडी किती चपटी दिसते असे विचारले, तर माणसे तिचा दिसणारा आकार आणि खरा गोल यांच्या मधला कुठला तरी आकार सांगतात. घागर गोल आहे हे मनाला माहीत असते, आणि मन हाताला तसे सांगते. त्यामुळे लंबवर्तुळाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर हे नोंदीतले फार बोलके माप ठरते. हात लांब करून, कोपर न वाकवता, पेन्सिलीवर अंगठ्याने तोंडाची उंची धरायची, ती रुंदीत किती वेळा बसते ते पाहायचे आणि तेच चित्रात पाहायचे. समोर ‘साडेचार वेळा’ आणि चित्रात ‘तीन वेळा’ असा फरक आला, तर चूक कोणत्या दिशेची आहे हेही कळले. कोपर वाकले की माप बदलते, हे मात्र विसरता कामा नये. चाकाला आणखी एक कसोटी आहे : लंबवर्तुळाचा आखूड अक्ष आसाच्या रेषेत यावा लागतो. ऊसतोडीच्या गाड्या गावात आल्या की हा अभ्यास रस्त्याकडेलाच होतो.

मानवाकृतीची नोंद इतकी सरळ नाही. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट, शिल्पासारख्या आदर्श आकृतीत आठपट, डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर, उभ्या शरीराचा मध्य जांघेपाशी, गुडघा सुमारे पावभर उंचीवर, अशी मापे शाळेतही सांगितली जातात. आपल्याकडेही मापाची परंपरा जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पुरुषांचे पाच प्रकार १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळांचे दिले आहेत. त्याच ग्रंथात क्षयवृद्धी हा शब्द येतो : शरीर वळले की त्याचा एक भाग आखडतो, दुसरा वाढतो. वर्गात ज्याला फोरशॉर्टनिंग म्हणतात त्याला इतका नेमका देशी शब्द असताना तो कोणी वापरत नाही, याची हळहळ वाटते. नोंद ठेवणाऱ्याला हे दोन्ही लागते. मापे सरळ उभ्या माणसाला उपयोगी पडतात. ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या आजोबांना पाहताना साडेसात डोकी निकामी होतात आणि क्षयवृद्धीच कामाला येते.

इथे तपासणीचे मुख्य हत्यार गवंड्याचे आहे. दोरीला खिळा किंवा दगड बांधून केलेला ओळंबा एका हाताने समोर धरला, की बसलेल्या माणसाच्या कानाखाली खांदा येतो की कोपर, कोपराखाली गुडघा येतो की टाच, हे स्वच्छ दिसते. चित्र पूर्ण झाल्यावर कागदावर तशाच उभ्या रेघा मारून ताडायचे. खिडकीचे उभे-आडवे गज हीही तयार चौकट आहे. हनुवटी एका जागी टेकवून आणि एक डोळा मिटून गजांतून अंगणातला माणूस पाहिला, की कोणत्या चौकोनात त्याचा कोणता अवयव येतो ते कळते. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ च्या आपल्या ग्रंथात चित्रकाराची अशी साधने छापली आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगमध्ये असताना स्वतःसाठी अशीच चौकट करून घेतली आणि भावाला लिहिलेल्या पत्रांतून तिचे वर्णन केले. तो चित्रकलेकडे वळला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. शार्ल बार्गच्या छापील नमुन्यांवरून त्याने सुरुवातीला आकृत्या गिरवल्या आणि शेवटच्या वर्षी, १८९० मध्ये, पुन्हा त्याच नमुन्यांकडे वळला. दहा वर्षांच्या अंतराने तोच धडा पुन्हा घेणे म्हणजे नोंदच झाली, मग तो तिला त्या नावाने ओळखत असो वा नसो.

आकृतीतल्या चुका एका आकड्यात मावत नाहीत, म्हणून त्यांची वही वेगळी ठेवावी लागते. तिच्यात चित्र नसते, चुकांची नावे असतात, आणि ती शिकणाऱ्याने आपल्या बोलीतच द्यावीत : ‘डोके मोठे’, ‘डोळे वर गेले’, ‘पाय हवेत’, ‘पंजे छोटे’, ‘कंबर सरळच’. महिन्याभरात वीस आकृत्या काढल्या आणि त्यांतल्या चौदांना ‘डोळे वर गेले’ असा शेरा मिळाला, तर पुढच्या महिन्याचा अभ्यास आपोआप ठरतो. दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. डोळे वर काढण्याची खोड जवळजवळ सार्वत्रिक आहे, कारण चेहऱ्यात पाहण्यासारखे जे असते ते सगळे डोळ्यांखाली. कपाळ आणि टाळू यांना मन हिशेबात धरत नाही. दोन महिन्यांनी तो शेरा विसांत तीनवर आला, की त्याच्या जागी दुसरा एखादा वर चढलेला दिसतो, बहुधा ‘कंबर सरळच’. ही चूक आधीही होतीच, पण डोळे एवढे वर गेलेले असताना कंबरेकडे कोणाचे लक्ष जाणार?

वेळेचीही नोंद हवी. अर्ध्या मिनिटाचे, दोन मिनिटांचे आणि वीस मिनिटांचे रेखाटन ही तीन वेगवेगळी कौशल्ये आहेत. अर्ध्या मिनिटात हालचालीचा कल पकडायचा असतो : लिंबांची पाटी डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईचा कणा, हात वर गेल्यामुळे उचललेला खांदा. वीस मिनिटांत मापे. एकात प्रगती झाली म्हणजे दुसऱ्यात झाली असे नाही, आणि दोन्हींची सरासरी काढणे तर अगदीच व्यर्थ. त्यांचे गठ्ठे निराळे ठेवावेत. बाजारातल्या माणसाला मॉडेल म्हणून बसवता येत नाही. तो गिऱ्हाईक आले की उठतो. म्हणून अपुरी राहिलेली रेखाटनेही तारखेसह जपायची. किती वेळात कुठवर पोचलो, हे त्यांच्यातूनच दिसते.

स्मरणचित्राला आपल्या परीक्षांत मानाचे स्थान आहे, पण त्याचा सराव बहुधा उलटा होतो. मुले तयार आकृत्या पाठ करतात : पाणी भरणारी बाई, टोपलीवाला, पाठमोरा मुलगा. परीक्षेत प्रसंग कोणताही येवो, हीच मंडळी वेश बदलून हजर होतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओरास लकोक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने चित्रस्मृतीचे शिक्षण वेगळ्या रीतीने दिले. चित्रकार फाँताँ-लातूर आणि शिल्पकार रोदाँ त्याचे विद्यार्थी. सोप्या आकारांपासून सुरुवात करून, वस्तू नीट पाहून, ती दूर केल्यावर आठवणीने काढायची आणि मग मूळ वस्तूशी ताडायची असा त्याचा क्रम होता. ताडणे हा त्यातला कळीचा भाग. वेशीची कमान सकाळी पाहून संध्याकाळी घरी काढली, तर दुसऱ्या दिवशी ते चित्र घेऊन वेशीपाशी गेलेच पाहिजे. काय विसरले आणि काय पदरचे घातले, याच्या दोन याद्या होतात. वर्षभरात पहिली आखूड होत जाते. दुसरी, पाठ केलेल्या आकृत्यांची, कमी व्हायला फार वेळ लागतो.

आता नोंदीतला सर्वांत फसवा भाग. अभ्यास चांगला चालू असताना मधेच एक काळ असा येतो, की शिकणाऱ्याला आपली चित्रे बिघडत चालली आहेत असे वाटू लागते. आदल्या वर्षी ज्या आकृतीवर तो खूश होता ती आता पाहवत नाही. याचे कारण बहुधा चित्रात नसते. नजर हाताच्या पुढे गेलेली असते. आधी न दिसणाऱ्या चुका दिसू लागतात, आणि हात अजून त्या टाळू शकत नाही. आठवणीवर विसंबले तर मागचा काळ बरा होता असेच वाटत राहते. तारीख घातलेले कागद शेजारी शेजारी मांडले की लोपबिंदूचा पट्टा अरुंद झालेला दिसतो, शेऱ्यांची वही दुसऱ्याच नावांनी भरलेली दिसते, आणि वाटणे व असणे यांतला फरक कळतो. उलट प्रकारही होतो. हाताला सफाई येते, रेघा झोकदार होतात, छायाप्रकाश मऊ होतो, घरचे कौतुक करतात, आणि ट्रेसिंग कागद ठेवला की छप्पर दोन वर्षांपूर्वीइतकेच वाकडे निघते. सफाईला प्रगती समजण्याची ही चूक शिक्षकांच्याही हातून होते. वाकड्या घरावर घातलेल्या रंगाची तारीफ करणे सोपे असते, आणि ते घर जमीनदोस्त करायला सांगणे अवघड.

या दोन्ही गोष्टींमुळे दोन नोंदींतले अंतर फार कमी ठेवून चालत नाही. रोज सराव करावा, पण कसोटीचे चित्र तीन महिन्यांनीच काढावे. आठवड्याने काढलेल्या दोन चित्रांतला फरक बहुतेक वेळा त्या दिवशीच्या उन्हाचा किंवा झोपेचा असतो. कसोटीच्या आधी मागचे चित्र पाहू नये, नाहीतर समोरच्या वस्तूऐवजी त्या चित्राचीच नक्कल होते. जागा, वेळ, कागदाचा आकार शक्यतो तेच ठेवावेत. मार्चमध्ये पहिले चित्र झाले तर पुढची जून, सप्टेंबर, डिसेंबर अशी येतात. त्यांत पावसाळा आला की नदीकाठच्या जागा सोडून देवळाच्या मंडपातली जागा धरलेली सोयीची.

फोनच्या कॅमेऱ्याने ही तपासणी सोपी केली आहे आणि बिघडवलीही आहे. काढलेल्या चित्राचा फोटो पडद्यावर आडवा उलटवून पाहिला की सवयीने न दिसणारा तिरपेपणा एकदम डोळ्यांत भरतो. पूर्वी हेच काम आरसा करी. पण समोरच्या वस्तूचा फोटो हे प्रमाण मानून त्याच्याशी चित्र ताडणे धोक्याचे आहे. फोनची भिंगे बहुधा रुंद कोनाची असतात. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठे, कान मागे, आणि इमारतीच्या कडा प्रमाणाबाहेर झपाट्याने एकवटलेल्या दिसतात. नजर एका वेळी सुमारे ६० अंशांच्या शंकूतले दृश्य नीट पाहते, आणि चित्रही त्यातच बसवायचे असते. फोटोशी ताडायचेच असेल तर तो लांबून, डोळ्याच्याच उंचीवरून आणि चित्र काढले त्याच जागेवरून घेतलेला असावा. फोटोवरून चित्र गिरवणे हा सराव म्हणून वेगळा विषय आहे, पण तशा चित्रांना कसोटीच्या गठ्ठ्यात स्थान नाही. त्यांत क्षयवृद्धी भिंगाने आधीच करून ठेवलेली असते.

गठ्ठा जपणे हे शेवटचे काम, आणि आपल्या हवेत ते सोपे नाही. कागद गुंडाळी करून ठेवले तर पेन्सिल घासली जाते आणि कडा चिरतात. दोन पुठ्ठ्यांत सपाट, मधे पातळ कोरा कागद घालून ठेवावेत. उन्हात ते पिवळे पडतात, आणि माळ्यावर ठेवले तर कसर लागते. कोळशाच्या चित्रांवर स्थिर करणारा फवारा मारला नाही, तर वर्षभरात ती शेजारच्या कागदावर उतरतात आणि दोन्हींची साक्ष जाते. तारीख चित्राच्या पुढच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, बाकी माहिती मागे. शाई पातळ कागदातून पलीकडे फुटते. पावसाळा सरल्यावर गठ्ठा एकदा सोडवून सावलीत वारा द्यायचा, आणि बांधताना सर्वांत जुना कागद वर ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी गाठ सोडली की पहिल्या दिवसाची घागरच आधी समोर येते.